सहाणेवरचं वाघनख

आमच्या गावात तान्हं पोर झोपेत दचकायला लागलं की त्याला दवाखान्यात नेण्याआधी आमच्या ओट्यावर आणत. कारण आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात वाघनख होतं. अंगठ्याएवढं, सोन्याच्या कोंदणात बसवलेलं, काळ्या गोफात ओवलेलं. आप्पा पाय धुऊन पाटावर बसत. आई सहाण आणून देई. सहाणेवर दोन थेंब दूध टाकायचं, वाघनखाचं टोक सात वेळा उगाळायचं आणि जे काय उतरेल ते करंगळीनं पोराच्या जिभेला लावायचं. पोर तोंड वेडंवाकडं करी. पोराची आजी म्हणे, "बसला बघा वाघ पोटात." आणि खरंच, दोन-चार महिन्यांत पोराचं दचकणं थांबायचं.

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मला कळलं की तान्ह्या पोरांचं असलं दचकणं दोन-चार महिन्यांत आपलं आपणच थांबतं. त्याला वाघ लागत नाही, कॅलेंडर लागतं. पण हे मी घरात बोलले नाही. मी तोंडाची फटकळ आहे हे न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत सगळे जाणतात. आमच्या घरात पदवीचा कागद पहिला माझा. त्याच्या आधी घरातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे सातबारा. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही. तरी आप्पांच्या वाघनखापुढं माझी पदवीही गप्प बसायची.

हे वाघनख आलं कुठून, याची एक गोष्ट होती. माझे आजोबा पैलवान. त्यांनी कुठल्याशा संस्थानात मोठी कुस्ती मारली, राजा खूश झाला आणि त्यानं गळ्यातलं वाघनख काढून आजोबांच्या गळ्यात घातलं. ही साधी आवृत्ती. ओट्यावर ऐकणारी माणसं जास्त असली की वाघ आजोबांनी स्वतःच मारलेला असे. आणि सणासुदीला, पाहुणे जेवून पानाला चुना लावत बसले की आजोबा त्या वाघाशी कुस्तीच खेळलेले असत, तीही चितपट. आप्पांच्या तोंडून ती ऐकताना मला नेहमी वाघाची कीव यायची.

मग माझी वनरक्षक म्हणून निवड झाली. भरतीत लांब चालायची परीक्षा असते, तिच्यासाठी रोज पहाटे कालव्याच्या कडेनं चालून-चालून माझे दोन बूट फाटले होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यांनी मला "मॅडम, कुठं सोडू का?" असं विचारून विचारून जीव नकोसा केला होता. यादीत नाव आलं, कागदपत्रांची तपासणी व्हायची होती, नेमणुकीचा आदेश अजून हातात नव्हता. त्याच आठवड्यात मी शिरूरहून एसटीनं आले, चौकात उतरले आणि समोर बघते तर फ्लेक्स.

फ्लेक्स नानांचा. नाना म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. नानांना फ्लेक्स लावायला कारण लागतं. कारण नसलं तर कुणाचा तरी वाढदिवस असतोच. वर "वनरक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", कोपऱ्यात पासपोर्टएवढी मी, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या तीन रांगा, आणि मधोमध, माझ्या सहापट मोठे, आप्पा. फेटा, गॉगल, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. आणि त्या उघड्या छातीवर, टरबुजाएवढं, वाघनख.

वनखात्यात नोकरी लागली म्हणून अभिनंदन, आणि अभिनंदनाच्या बोर्डावर वन्यजीव गुन्ह्याचा पुरावा. तोही हमरस्त्याला, बाय-कलर नाही, फुल कलर.

मी तशीच नानांच्या घरी गेले.

"नाना, फ्लेक्स उतरवा."

"का गं? फोटो बारीक आला म्हनून? आगं, आप्पाचा फोटो मुद्दाम मोठा लावला. तू वनखात्यात, त्याच्या गळ्यात वाघ. म्याचिंग."

"नाना, वाघनख गळ्यात घालणं गुन्हा आहे. खात्याची जीप ह्याच रस्त्यानं जाते."

नाना विचारात पडले. मग म्हणाले, "फ्लेक्स काढला तर लोक म्हनतील निवड रद्द झाली. थांब, मी करतो कायतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरूरच्या फ्लेक्सवाल्याकडून एक लालभडक गुलाब छापून आणला आणि शिडी लावून वाघनखावर चिकटवला. तोवर त्या फ्लेक्सकडं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. आता येणारा-जाणारा थांबायला लागला. एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारायला लागला, "ह्यांच्या छातीवर काय झाकलंय?"

संध्याकाळी मी आप्पांना समोर बसवलं. दोन गोष्टी एकदम टांगणीला लागल्या होत्या, माझी नोकरी आणि आप्पांची गावातली इज्जत. त्यातली एक सोडल्याशिवाय दुसरी राहायची नाही असं दिसत होतं.

"आप्पा, वाघनख बाळगायला सरकारी दाखला लागतो. नसला तर जेल. तीन वर्षं तरी."

"बाळगायला? आगं, माझ्या बापानं वाघ मारलाय."

"तेव्हा कायदा नव्हता, आजोबा सुटले. पण मारलेल्या वाघाचं नख आज तुमच्या गळ्यात आहे."

"म्हंजी, मारला म्हनजी तसा न्हाई मारला. राजानं बक्षीस दिलं."

"बक्षिसाचा कागद?"

"राजा कागद देतो व्हय कुठं! मग... इकत घेतलं आसंल यात्रंत."

"विकत घेणं म्हणजे व्यापार, आप्पा. ते तर आणखी वाईट."

"सापडलं मग. रानात. पेरताना, पाभरीमागं."

"सापडलेलं सरकारचं असतं."

आप्पांनी गळ्यातला गोफ सदऱ्याच्या आत सारला. ज्या गोष्टीत एके काळी राजा होता, आखाडा होता, आख्खा वाघ होता, ती पाच मिनिटांत पाभरीमागच्या ढेकळावर आली होती. शेवटी केविलवाण्या आवाजात म्हणाले, "बाय, मग ह्ये आमच्या घरात आलं तरी कसं म्हनावं?"

चुलीपुढून आई म्हणाली, "आपल्या पायानं आलं म्हना. नख हाय, तवा पाय आसंलच."

आप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू जेलात जायला आता तेवढंच कारण पुरे होतं. पण मन त्यांचं तिथंच वळलं. म्हणाले, "चल. सोमवारी जमा करू. पोरीच्या पोटावर पाय देऊन वाघ मिरवायचा न्हाई मला."

सोमवारी आप्पा निघाले ते पिशवी घेऊन. पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, बीपीच्या गोळ्या, तंबाखू आणि आईनं बांधून दिलेल्या चार भाकरी. मला वाटलं होतं त्यांना भीती वाटत असेल. कसली भीती! चौकात भेटेल त्याला सांगत होते, "वाघाच्या पायी चाललोय आत. बघू, किती दिस ठेवत्यात." गाईला कधी आटवायचं, म्हणजे धार कधी बंद करायची, हेसुद्धा आईला सांगून ठेवलं होतं. माझ्या गाडीवर मागं बसून ते जसे रुबाबात तालुक्याला गेले तसे लग्नालाही गेले नसतील.

वनखात्याच्या कचेरीत एक मॅडम होत्या. बोलायला शांत, नजरेनं कडक. मी सगळं जसं आहे तसं सांगितलं, फ्लेक्स आणि गुलाबासकट. त्यांनी वाघनख हातात घेतलं, खिडकीपाशी गेल्या, भिंग लावलं. उलटं केलं, पालथं केलं. मग आप्पांना विचारलं, "काका, हे तुम्ही उगाळत होता?"

"व्हय. दुधात. सात येळा."

"आणि पोरांना चाटवत होता?"

"निम्म्या गावाला. गुण हाय त्याला."

मॅडमनी सोनाराकडून शिकल्यासारखं ते कोंदण अलगद सैल केलं आणि आतली बाजू आम्हाला दाखवली. "खऱ्या नखाच्या पोटाला पन्हळ असते, पाठीवर कणा असतो. हे आतबाहेर एकसारखं भरीव आहे. शिंग आहे हे. तासून, पॉलिश करून नखाचा आकार दिलाय. प्रयोगशाळेकडून पक्कं करून घेऊच, पण मला तरी हे बैलाचं वाटतंय."

आप्पा खुर्चीतून पुढं वाकले.

"नीट बघा, मॅडम," आप्पा म्हणाले.

"बघितलं, काका."

"माझी पोरगी हितं लागनार हाय म्हनून मला सोडायला बघत आसाल तर तसं करू नगा. मी तयारीनं आलोय." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "मला आत टाका."

"काका, मी तुम्हाला अटक करू शकत नाही."

"का न्हाई करू शकत?"

"बैलाचं शिंग बाळगल्याबद्दल?"

आप्पा खुर्चीत मागं सरकले. माणूस निर्दोष सुटल्यावर इतका खचतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माझं तर हसू दाबून दाबून पोट दुखत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं, कारण मीसुद्धा त्या सहाणेवरचं चाटूनच मोठी झाले होते. वाघ बसला म्हणून ज्या पोटाचा मला तोरा होता, त्यात तेवीस वर्षं बैल होता.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं निघालं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. वाघाला अठरा नखं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. म्हणजे आख्खा वाघ मारून गळ्यात घालायला मिळतं अठरा माणसांना. तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर जेवढे शुभेच्छुक आहेत, तेवढ्यांना एक वाघ पुरायचा नाही. आणि तुमचं हे बघून ज्याला हौस येते तो शिंग शोधत नाही, काका. तो खरं शोधतो."

आप्पा ऐकत होते की नाही कोण जाणे. कोंदण आणि गोफ मॅडमनी परत दिला, शिंग ठेवून घेतलं आणि पोच लिहून दिली, "वाघनखासारखी दिसणारी शिंगाची वस्तू". आप्पांनी ती वाचली आणि घडी अशी घातली की पहिला शब्द तेवढा वर राहिला.

परतताना घोडनदीचा पूल आला. तसे आप्पा मागून म्हणाले, "गावात कुनाला सांगायचं न्हाई."

"मी आपणहून सांगणार नाही, आप्पा. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"कोन विचारतंय!"

आणि खरंच कुणी विचारलं नाही. आप्पाही खोटं बोलले नाहीत. ते चौकात उतरले आणि एवढंच म्हणाले, "वाघनख सरकारजमा केलं." बाकीचं काम गावानं केलं. संध्याकाळपर्यंत वाघनख बघून साहेब उभा राहिला होता; दुसऱ्या दिवशी त्यानं सलाम ठोकला होता; आठवड्याच्या शेवटी ते नख मुंबईच्या म्युझियममध्ये काचेत लागलं होतं. नानांनी ग्रामपंचायतीत शाल-नारळ देऊन आप्पांचा सत्कार केला आणि अर्थातच फ्लेक्स लावला. ह्या वेळी आप्पांच्या शर्टाची सगळी बटणं लावलेली होती.

माझा आदेश आला, मी हजर झाले, प्रशिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली दौंडकडच्या माळरानावर. लोकांना वाटतं वनरक्षक म्हणजे घनदाट जंगल. माझ्या बीटात, म्हणजे मी राखते त्या हद्दीत, सावलीला उभं राहायचं तर माझी स्वतःचीच सावली. पण त्या उघड्या-बोडक्या गवतात चिंकारा आहेत, तरस आहे, आणि लांडगा आहे, जो आपल्या देशात वाघापेक्षाही फारसा जास्त उरलेला नाही आणि ज्याच्यासाठी कुणी फ्लेक्स लावत नाही. मेंढपाळांशी बोलता-बोलता लोक काय काय विकत घेतात हेही कळलं. कुणी खवल्या मांजराची खवलं मागतो, कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश, कुणी कोल्ह्याचं शिंग. कोल्ह्याला शिंग नसतं. पण ते घेणाऱ्याला सांगून बघा. तो म्हणतो, म्हणून तर ते दुर्मीळ आहे.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगायची. ते म्हणायचे, "लोकं येडी हायती, बाय." आणि मी लगेच गाईची चौकशी करायची.

मग एक दिवस आईचा फोन आला. "आगं, नानाचा नातू दचकतोय."

"दचकू दे. दोन महिन्यांचा तर आहे."

"तसं न्हाई. नाना म्हनतोय, गावात आता वाघनख राह्यलं न्हाई. आप्पानं सरकारला दिलं. आता गावच्या पोरांनी जायचं कुठं? तवा तो नवीन आनतोय. पाटसच्या कारखान्यावर वळखीचा एक मानूस हाय, त्याच्या वळखीचा एजंट. केसासकट देतो म्हनाला. बारशाला बांधायचं ठरलंय."

मॅडमनी सांगितलं होतं ते जसंच्या तसं आमच्याच भावकीत घडत होतं. आप्पांच्या शिंगामुळं नाना खऱ्याच्या मागं लागले होते. आणि खरं मिळणार म्हणजे कुठंतरी एका वाघाचा जीव जायचा होता.

मी मॅडमना कळवलं. ते माझं कामच होतं. त्या म्हणाल्या, "एजंटचा नंबर काढून दे, त्याचं आम्ही बघतो. पण घेणाऱ्याला आधी थांबव. सौदा झाला तर तुझ्या नानांच्या दारात जीप घेऊन तुलाच यावं लागेल."

रविवारी मी गावी गेले आणि नानांना कायदा सांगितला. नाना ऐकून घेत होते, माजी चेअरमन जसं तालुक्याच्या साहेबाचं ऐकतो तसं, मान हलवत आणि दुसरीकडं बघत. शेवटी म्हणाले, "आप्पाकडं व्हतं तवा कायदा कुठं व्हता? त्याचं काय वाकडं झालं? उलट सत्कार झाला. मी बी चार वर्सं वापरतो आन् मग जमा करतो. करशील ना माझा सत्कार?"

ह्याला उत्तर एकच होतं आणि ते माझ्याकडं नव्हतं. ते आप्पांकडं होतं.

गोठ्यात आप्पा धार काढत होते. मी नानांचं सांगितलं, आणि पोरांचं दचकणं आपलं आपणच थांबतं हेही पहिल्यांदाच सांगितलं. दुधाच्या धारेचा आवाज थांबला.

"म्हंजी गावात सांगायचं? बैलाचं व्हतं म्हनून?"

"दुसरा उपाय नाही."

"तू सांगितलंस तर?"

"ते म्हणतील, पोरगी खात्याची आहे, खात्याचंच बोलणार."

"बाय, त्यो सत्कार... शाल हाय घरात आजून. डेअरीवर उठून जागा देत्यात मला." गाईनं शेपटी त्यांच्या तोंडावर मारली, तीही त्यांनी बाजूला केली नाही. "माझ्या बापाला लबाड म्हनतील."

"आजोबांनाही कुणीतरी फसवलंच असेल, आप्पा."

"त्ये तुला पटतंय. गावाला कोन पटवनार?"

आप्पांनी धार पुरी केली, चरवी आईच्या हातात दिली, हातपाय धुतले, टोपी घातली आणि चालायला लागले. मी आणि आई मागं.

नाना ओट्यावर चहा घेत होते. सोसायटीचे दोघं जण बसले होते. नानांची सून बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली.

"नाना," आप्पा उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या एजंटाला येऊ नगं म्हन."

"का? तुझं नाव झालं, आमचं नगं व्हायला?"

"माझं वाघनख खोटं व्हतं."

नाना हसले. "आप्पा, पोरगी खात्यात गेली म्हनून मला गंडवतोस व्हय?"

"बैलाचं शिंग व्हतं त्ये. तासलेलं. तिथल्या मॅडमनी भिंगातनं बघितलं."

नानांनी माझ्याकडं बघितलं. "खरं काय गं? तू शिकलेली हायस."

शेवटी कुणीतरी विचारलं होतं. "खरं आहे, नाना. प्रयोगशाळेचा कागदही आलाय."

नानांनी कपबशी खाली ठेवली. चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता. "म्हंजी आमच्या थोरल्याला तू जे चाटवलंस..."

"शिंग."

"धाकट्याला?"

"शिंग."

"आन् मला? तुझ्या बापानं मला मांडीवर घिऊन चाटवलं व्हतं, आमची आई सांगायची!"

"तुला बी शिंगच, नाना. त्ये तर जास्त उगाळलं असंल, नवं व्हतं तवा."

आतून नानींचा आवाज आला, "तरीच!"

सोसायटीवाल्यांपैकी एकाला चहाचा ठसका लागला. नाना लाल झाले. "चाळीस वर्सं आख्ख्या गावाला बैल चाटवलास, आप्पा! आन् वर सत्कार घेतलास! माझ्या हातनं!"

"घेतला," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा हलला, पण ते हलले नाहीत. "चुकलं. शाल परत देतो. पन मला एवढं सांग, तुझी पोरं दचकायची थांबली का न्हाई?"

"...थांबली."

"शिंगानं थांबली?"

नानांनी सुनेच्या मांडीवरच्या नातवाकडं बघितलं.

"शिंगानं बी न्हाई. ती थांबनारच व्हती. ही सांगती, कालेजात शिकलीया, सगळ्यांची पोरं थांबत्यात. मंग एका नखासाठी आख्खा वाघ कशाला मारतो? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. नानांना फोन कायम स्पीकरवर ठेवायची सवय आहे, चेअरमन होते तेव्हापासून. पलीकडचा माणूस हिंदी-मराठी मिसळून बोलत होता. "सेठ, आयटम रेडी हाय. कधी येऊ?"

नानांनी आमच्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. "नको," म्हणाले. "वाघाचं नको आता."

"सेठ, मग बिबट्याचं घ्या. नायतर कोल्ह्याचं शिंग देतो, एकदम ओरिजिनल..."

"शिंगाचं नाव काढू नगंस!" नाना एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं.

मी तो नंबर लिहून घेतला. मॅडमनी तो लगेच वर पाठवला, पण तोवर तो बंद झाला होता. असे नंबर बंद होतात आणि दुसरे चालू होतात, हे मला आता माहीत आहे. निदान आमच्या गावातून त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

आप्पांचं पुढं काय झालं ते सांगायला हवं. डेअरीवर त्यांना अजूनही उठून जागा देतात, पण "या, बैलोबा" म्हणून. कुणी दुधाचं फॅट कमी लागलं की विचारतो, "आप्पा, सात येळा उगाळू का?" पहिले आठ दिवस आप्पा डेअरीवर गेलेच नाहीत, आईच किटली घेऊन जायची. नवव्या दिवशी गेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "हसली. मी बी हसलो. मग दूध घातलं."

नानांचा नातू चौथ्या महिन्यात दचकायचा थांबला. मी वाट बघत होते की आता तरी नाना म्हणतील, पोरगी खरं सांगत होती. पण नाना गावभर सांगत फिरतायत की वाघनख नुसतं मनात आणलं, एजंटाला फोन लावला, त्या दिवसापासनंच पोराला उतार पडला. वाघाचं नुसतं नाव काढलं तरी गुण येतो, एवढी ताकद.

आप्पांचा फोन आला तो तणतणतच. "बाय, एवढी इज्जत घालवून मी खरं बोललो, आन् गुन पुन्हा वाघालाच?"

मी माळावर उभी होते, हसायला लागले. "जाऊ दे आप्पा. वाघाचं त्यात काय बिघडतंय?"

"वाघाचं काय बिघडत न्हाई," आप्पा म्हणाले. "माझं बिघडतंय. डेअरीवर रोज मला जावं लागतं, वाघ जात न्हाई."